पिर्लोचा युव्हेंटस: आठ महिन्यांच्या जागरणानंतरचा अभिप्राय

२० सप्टेंबर २०२० ते २३ मे २०२१ या काळात युव्हेंटस या इटालियन फुटबॉल क्लबचे जवळपास सगळे सामने मी पाहिले. इटलीतले रात्रीचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू होत असल्याने त्यांतले बरेचसे, घरच्यांची झोपमोड होऊ नये म्हणून, आवाज बंद ठेवूनच पाहावे लागले. त्या हंगामात संघाचा मुख्य प्रशिक्षक असलेल्या आंद्रेआ पिर्लोला खेळाडू म्हणून मी फार मानत आलो आहे, त्यामुळे हा अभिप्राय तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. त्या आदरापोटी पहिले तीन महिने मी त्याच्या चुकांकडे काणाडोळा केला, हे आधीच कबूल केलेले बरे.

नेमणूक मुळातच अजब होती. ३० जुलै २०२० रोजी त्याच्याकडे २३ वर्षांखालील संघ सोपवल्याचे जाहीर झाले. ७ ऑगस्टला लिऑं या फ्रेंच क्लबने युव्हेंटसला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेतून बाहेर काढले, दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक मौरित्सिओ सार्रीला नारळ मिळाला आणि त्याच दिवशी, प्रशिक्षक म्हणून एकही सामना न खेळवलेला पिर्लो सलग ९ वेळा इटलीचे विजेतेपद मिळवलेल्या क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याचा सर्वोच्च प्रशिक्षक परवानासुद्धा सप्टेंबरमध्ये हाती आला. त्या वेळी अनेकांनी नवखा असतानाच बार्सिलोनाचा प्रशिक्षक होऊन यशस्वी ठरलेल्या ग्वार्दिओलाचा दाखला दिला, पण ग्वार्दिओलाने आधी बार्सिलोनाच्या ब संघाबरोबर पूर्ण हंगाम काढला होता. पिर्लोकडे तेवढी शिदोरी नव्हती, आणि महासाथीमुळे दोन हंगामांमधली विश्रांती इतकी आखडली होती की सरावालाही धड वेळ मिळाला नाही.

त्याची योजना मात्र कच्ची नव्हती. चेंडू आपल्याकडे असताना मागे तीन, त्यांच्यापुढे दोन आणि आघाडीच्या ओळीत पाच. चेंडू गेला की लगेच ४-४-२, म्हणजे मागे चार, मध्ये चार आणि पुढे दोन. हे गणित जुळले त्या रात्री खेळ पाहण्यासारखा झाला, उदाहरणार्थ डिसेंबरमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर मिळवलेला ३-० असा विजय. अडचण वेगळीच होती. मागून शांतपणे चेंडू पुढे न्यायचा, तर मध्यभागी दडपणाखाली मान वर ठेवून पास देणारा माणूस लागतो, म्हणजे पूर्वी हे काम करणारा खुद्द पिर्लोच. मधल्या फळीतला प्यानिच बार्सिलोनाला गेला होता आणि बदल्यात आलेल्या आर्थुरचा पिंड तो नव्हता. २१ मार्चला घरच्या मैदानावर बेनेव्हेंतोविरुद्ध आर्थुरने स्वतःच्याच गोलासमोरून आडवा पास दिला, तो बेनेव्हेंतोच्या गाइचने पळवला आणि सामना ०-१ असा गेला. महिनाभर आधी चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत, पोर्तो या पोर्तुगीज क्लबच्या मैदानावर, बेंतांकुरचा मागे दिलेला पास असाच फसून दुसऱ्याच मिनिटाला गोल बसला होता. एकच चूक पुन्हा पुन्हा होते तेव्हा दोष एकट्या खेळाडूचा धरता येत नाही. मैदानात नसलेल्या माणसाच्या भरवशावर आखणी होत होती आणि ती बदलायला पिर्लो तयार नव्हता.

पोर्तोविरुद्धचा ९ मार्चचा परतीचा सामना मला आजही सलतो. ५४व्या मिनिटापासून प्रतिस्पर्धी दहा जणांवर आलेले, आमच्या किएझाचे दोन गोल झालेले, आणि तरीही अतिरिक्त वेळेत ११५व्या मिनिटाला पोर्तोच्या सेर्जिओ ओलिवेराची फ्री किक जमिनीलगत आली, ती अडवायला भिंत करून उभे असलेले खेळाडू उडाले, रोनाल्डोने पाठ फिरवली आणि चेंडू खालून आत गेला. दोनच मिनिटांत युव्हेंटसच्या राबियोने गोल केला, पण दोन्ही सामने मिळून बरोबरी झाल्याने, परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जाण्याच्या तेव्हाच्या नियमाने पोर्तो पुढे गेला. भिंतीमागे एक जण आडवा झोपवण्याची युक्ती तोवर सर्रास वापरली जात होती. ती त्या रात्री कुणालाच का सुचली नाही, हा प्रश्न मी प्रशिक्षकालाच विचारीन.

जमेची बाजूही खरीच आहे. जानेवारीत नापोलीला २-० असे हरवून इटालियन सुपर कप मिळाला आणि १९ मे रोजी, पिर्लोच्या ४२व्या वाढदिवशी, अटलांटाला २-१ असे नमवून इटालियन कपही आला. पण लीगमध्ये ७८ गुण आणि चौथा क्रमांक (चॅम्पियन्स लीगची जागा मिळवून देणारा शेवटचा), विजेत्या इंटरपेक्षा १३ गुण मागे. त्या हंगामात खालच्या श्रेणीत गेलेल्या क्रोतोने आणि बेनेव्हेंतो या दोन संघांविरुद्ध युव्हेंटसने ७ गुण गमावले. ते मिळाले असते तरी इंटर पुढेच राहिली असती, पण शेवटच्या दिवशी नापोलीच्या निकालाकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली नसती.

पाचपैकी अडीच तारे. अर्धा तारा मी त्याच्या पदरी पडलेल्या परिस्थितीसाठी दिला आहे, आणि नेमणूक करणाऱ्यांना मात्र एकच देईन. बोलोन्यात तो शेवटचा सामना ४-१ असा जिंकताना २९ गोल करून लीगमध्ये अव्वल ठरलेला रोनाल्डो पूर्ण वेळ बाकावर होता. तिकडे वेरोनाने नापोलीला १-१ असे रोखले म्हणून एका गुणाने चॅम्पियन्स लीगची जागा राहिली. पाच दिवसांनी, २८ मेला, पिर्लो गेला आणि सार्रीच्या आधीचा प्रशिक्षक अल्लेग्री परत आला.