एका फ्रेममधे तिघं-चौघं असतील तर लिप-सिंकवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका

शॉर्टफिल्म, वेबसिरीज करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचाच. आमची मराठी शॉर्टफिल्म हिंदीत डब करायची होती, तर एकाने गळी उतरवलं की नुसता आवाज कशाला, एआयने ओठही हिंदी शब्दांप्रमाणे हलवून देतो, सॉफ्टवेअर आमचं स्वतःचं आहे. डेमो भारी होता. एकच बाई, क्लोजअप, कॅमेऱ्यात बघून बोलतीये. निम्मे पैसे आगाऊ घेतले.

आमच्या फिल्मचा जीव वाटणीच्या सीनमधे आहे. ओसरीवर दोघं भाऊ, मागे उंबऱ्यात आई, मधूनच वहिनी चहाचा ट्रे घेऊन बोलत बोलत पुढून जाते, सगळा एकच सलग शॉट आणि भाऊ सारखे एकमेकांचं वाक्य तोडतात. फाईल उघडली तर थोरला ओरडतोय आणि ओठ आईचे हलतायत! त्या ताईंनी तो अख्खा सीन एक शब्द न बोलता नुसत्या डोळ्यांनी केलाय, आणि याने त्यांनाच बडबडायला लावलं. धाकट्याची मिशी बोलताना पुसट व्हायची, ट्रे तोंडासमोर आला की ट्रेवरच ओठ उमटायचे. दोन ठिकाणी तर न विचारता झूम करून बाकीच्यांना फ्रेमबाहेरच काढलं होतं. संताप झाला नुसता.

विचारलं तर म्हणे प्रत्येक चेहऱ्याचे वेगळे पैसे. मग स्क्रीन शेअर करून कायतरी पटवायला लागला, तेव्हा फोल्डरचं नाव दिसलं, वाव-टू-लिप. हे हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांचं 2020 चं मॉडेल, फुकट मिळतं. त्यांचं काम चांगलंच आहे, पण ते बीबीसीच्या क्लिप्सवर शिकवलंय म्हणून धंद्यासाठी वापरू नका असं त्यांनीच लिहून ठेवलंय. चेहरा बनतो 96 बाय 96 पिक्सेलचा, तो मोठ्या फ्रेमवर ताणला की मिशी न् दात पुसट होणारच. आणि त्याच्यासोबत मिळणारा तयार प्रोग्राम दर फ्रेममधला एकच चेहरा उचलतो, बोलतंय कोण हे तो बघतच नाही.

जे नीट करतात ते आधी प्रत्येक चेहऱ्याचा शॉटभर माग ठेवतात, प्रत्येक कॅरेक्टरचा डायलॉग वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर मागतात, ज्याचा आवाज त्याच्याच चेहऱ्याला जोडतात, समोरून कोणी गेलं तर तेवढा भाग मास्क करतात, म्हणजे झाकून वगळतात, आणि गप्प बसलेल्याला हातच लावत नाहीत. याने आमच्याकडून सगळ्यांचा मिळून एकच मिक्स ट्रॅक घेतला होता, त्यात दोघं एकदम बोलले की आवाज वेगळे काढणार कसे?

त्यामुळे असल्या माणसाची शोरील, म्हणजे निवडक कामाची क्लिप, बघू नका, तुमचाच सगळ्यात अवघड शॉट द्या, दोघं एकदम बोलतात तोच, तो करून दाखवला तरच पुढचं बोला. मॉडेल कुठलं, धंद्यासाठी वापरायची परवानगी आहे का, पैसे शॉटचे की चेहऱ्याचे, सगळं लेखी घ्या. कलाकारांचीही लेखी संमती घ्या, चेहरा त्यांचा आहे.

आता तो फोन उचलत नाही. वकिलाची नोटीस गेलीये, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही केलीये. अजून कोणाला असंच सलग शॉटमधे गंडवलं असेल तर मेसेज करा, दोघा-तिघांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर वजन पडेल.