इंजिन बदललं आणि चेक इंजिनचा दिवा जाईना: डोंगल घ्यायचं, मल्टिमीटर घ्यायचा की सरळ गॅरेजला न्यायची?

ज्यांच्या गाडीत सेकंडहँड इंजिन बसवलंय आणि आता दिवा पेटलेलाच राहतोय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी यातून गेलोय. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, पावसात इंजिनात पाणी शिरलं, मग कुर्ल्याहून त्याच मॉडेलचं इंजिन आणून ठाण्यातच बसवून घेतलं. गाडी चालू झाली पण काळा धूर, पेट्रोलचा वास, रेडिएटरचा फॅन सकाळी थंड गाडीतही चालूच आणि गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड तीन: पी०११३, पी०११८, पी०१०८. म्हणजे हवेचं तापमान, कूलंटचं तापमान आणि मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), तिन्ही 'हाय', म्हणजे तापमान नाही तर सिग्नलचा व्होल्टेज जास्त. गॅरेजवाला म्हणाला तिन्ही सेन्सर टाकू. मी थांबवलं, आणि ते बरं केलं.

आधी एक समजून घ्या, कोड सेन्सरचं नाव घेतो पण तक्रार असते त्या सर्किटची. सेन्सर, कपलर (वायर जोडायचा प्लग), वायर, अर्थ, यातलं काहीही असू शकतं. इंजिन उतरवून चढवताना सगळ्यात जास्त ओढाताण वायरिंगची होते त्यामुळे स्वॅपनंतर संशय आधी तिथे घ्यायचा, सेन्सरवर नंतर.

ब्लूटूथ डोंगल, म्हणजे गाडीतले कोड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र, ५०० ते १,००० च्या आत मिळतं, स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या पोर्टला लावायचं आणि मोबाईलवर ॲप. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथवालं चालत नाही, वायफायचं किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) घ्या. याचा खरा उपयोग कोड वाचण्यापेक्षा लाइव्ह डेटा बघण्यात आहे. माझ्या गाडीत मे महिन्यात दोन्ही तापमानं उणे ४० दिसत होती, आणि उणे ४० म्हणजे सर्किट तुटलेलं, दोन सेन्सर एकाच दिवशी एकाच पद्धतीने मरत नाहीत. तुम्ही पण बघा: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि हवेचं तापमान जवळजवळ सारखं हवं, चावी ऑन पण इंजिन बंद असताना मॅप १०० किलोपास्कलच्या आसपास हवा कारण आपण समुद्रसपाटीलाच आहोत, आणि गाडी चालूच होत नसेल तर सेल्फ मारताना आरपीएम बघा, शून्यावरच राहिला तर क्रँक सेन्सरचा सिग्नल पोचत नाहीये असा दाट संशय घ्या. स्वस्त डोंगलला एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) सहसा दिसत नाही, आणि २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी ते बोलतच नाही. आणि कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेमचा, म्हणजे कोड आला त्या क्षणी नोंदलेल्या आकड्यांचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुसला की तोही जातो.

पण डोंगल सांगतं कुठल्या सर्किटमध्ये, नेमकी कुठली वायर ते नाही. तिथे मल्टिमीटर, आणि माझ्या मते स्वॅपनंतर पैसे आधी यावरच टाकावेत, साधा ४००-५०० चा पुरतो. मी कूलंट सेन्सरचा कपलर काढला, चावी ऑन केली, सिग्नलची पिन आणि बॉडी यात ५ व्होल्ट आले, तीच सिग्नलची पिन आणि शेजारची अर्थची पिन यात शून्य. म्हणजे सिग्नलची वायर ठीक, अर्थची वायर मध्येच कुठेतरी तुटलेली, आणि तिन्ही सेन्सर तीच अर्थ वापरत होते. शोधत गेलो तर माउंटिंगच्या पट्टीखाली वायरिंग दाबलं गेलं होतं, वरचं आवरण शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं. सेन्सरही तपासला, थंड असताना दोन किलोओहमच्या आसपास आला आणि हे सेन्सर ८० डिग्रीला साधारण ३०० ओहमवर येतात, म्हणजे चांगला होता. तीन सेन्सरचे पैसे वाचले. इंजिन-बॉडीची जाड अर्थ पट्टी पण बघा, सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती सैल किंवा गंजलेली समजा.

आता गॅरेज कधी. पी००१६ प्रकारचे कोड, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही, त्यात चेन एखाद दात चुकलेली असू शकते किंवा इंजिन दुसऱ्या वर्षाचं असून ट्रिगर चक्राचे दात वेगळे, हे ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) असलेल्या माणसालाच दाखवा, घरी वेळ घालवू नका. इंजिनासोबत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ही बदलला असेल तर चावीचं जुळवणं लागतं, तेव्हा कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा प्रोग्रामिंग करणारा, डोंगल निरुपयोगी. तुर्भे-सानपाडा पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटला चांगले ऑटो इलेक्ट्रिशियन सापडतात, जाताना "स्कॅन करा" एवढंच म्हणू नका, तुमचे आकडे लिहून न्या, कारण नुसत्या स्कॅनिंगचे पैसे देऊन तेच कोड परत ऐकायचे तर काय उपयोग. पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) नीट काम करत नाही असा कोड असेल तर आधी मॅनिफोल्डची पॅकिंग गळतेय का बघा, कन्व्हर्टरचा खर्च मोठा असतो.

कंपनी सर्व्हिस सेंटरकडे मी नेलीच नाही. बाहेरचं इंजिन असलं की तिथे पार्ट बदलायचा सल्ला आधी मिळेल असं वाटलं, बाकी वॉरंटीतली गाडी असेल तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. आणि इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या, ठाण्याला एमएच ०४, नवी मुंबईला एमएच ४३ चं आरटीओ, इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.

तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका, डाग देऊन (सोल्डर करून) वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा. खाडीच्या हवेत उघडं तांबं हिरवं पडायला एक पावसाळा पुरतो, मग तोच कोड परत.