आत्याच्या ओव्या आणि एम्सिसॉफ्टचा डिक्रिप्टर: चार महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण ज्यांच्या घरी हे आत्ताच घडलंय त्यांना बाकीचं वाचायला धीर नसेल. ‘स्टॉप डीजेव्हीयू’ या रॅन्समवेअरसाठी, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठी, एम्सिसॉफ्ट कंपनीने काढलेला डिक्रिप्टर, म्हणजे ते कुलूप उघडणारा प्रोग्राम, खरा आहे, पूर्ण मोफत आहे, आणि त्याने माझे ३,४०० फोटो परत दिले. मात्र चार महिन्यांनी दिले, आणि माझं सगळंच काही परत आलं नाही. घाईने डिस्क पुसू नका, एवढं आत्ता ऐका.

मी देवरुखची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अकरा वर्षं आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम करतेय. गावोगावी जाऊन जमवलेले फोटो, जुन्या कागदांचे स्कॅन, वंशावळीच्या फायली, सगळं घरच्या एकाच कॉम्प्युटरवर. आणि पेनड्राइव्हवर आत्याच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, ४१ रेकॉर्डिंग. आत्या आता नाही.

जुलै २०२० मध्ये कॉलेज बंद म्हणून मुलगा घरी होता. व्हिडिओ जोडायचं एक महागडं सॉफ्टवेअर फुकटात मिळावं म्हणून त्याने त्याचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवून देणारा चोरटा प्रोग्राम, उतरवून घेतला. अँटिव्हायरस अडवत होता, तर त्या साइटवरच लिहिलं होतं की तो बंद करा. त्याने केला. तेवढ्यात पावसाने नेट गेलं. त्याने क्रॅक चालवला, सॉफ्टवेअर काही उघडलं नाही, विंडोज अपडेट होतंय असं दाखवणारी एक खिडकी मात्र बराच वेळ दिसत राहिली. ती खिडकी खोटी होती. संध्याकाळी नेट आलं तसा त्याने क्रॅक पुन्हा चालवून पाहिला. तेव्हा मी ओव्या उतरवून घ्यायला पेनड्राइव्ह लावलेला होता.

सकाळी फोल्डर उघडलं तर फोटोंची चित्रं गेलेली, सगळीकडे पांढरे कागद. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. मी नाव बदलून ती अक्षरं काढली, तरी फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी होती: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे ४९०. आपल्या पैशांत तेव्हा ३६-३७ हजार. खाली एक लांबलचक ओळख क्रमांक. आणखी एक खूण म्हणजे अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट्स कॉम्प्युटरवर उघडतच नव्हत्या, मोबाइलवर मात्र उघडत होत्या. हा व्हायरस विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठली साइट कुठे शोधायची हे सांगणाऱ्या यादीत, फेरफार करून त्या वाटा बंद करतो, हे मला नंतर कळलं.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे सीपीयू नेला. तो म्हणाला, “बाई, फॉरमॅट मारून देतो आणि डेटाही काढून देतो, आठ हजार पडतील.” कसा काढणार विचारलं तर म्हणाला, “आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे.” मी सीपीयू उचलून घरी आणला. रागापेक्षा भीती वाटली, की माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर हो म्हणून गेलं असतं. आधीच बंद झालेल्या फायलींवर फॉरमॅट मारून काय हाती लागणार होतं?

कुठला रॅन्समवेअर आहे हे ओळखायला मोबाइलवरून ‘आयडी रॅन्समवेअर’ ही साइट वापरली. मायकल गिलेस्पी या अभ्यासकाने ती उभी केली आहे. चिठ्ठी आणि एक बंद झालेली फाइल तिथे चढवली की नाव सांगते. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइटही हेच काम करते. एम्सिसॉफ्टचा डिक्रिप्टर याच गिलेस्पींच्या सहकार्याने २०१९ मध्ये आला. तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. गुगलवर नाव टाकून पहिलं दिसेल ते उतरवू नका. जून २०२० मध्येच ‘झोराब’ नावाचा दुसरा रॅन्समवेअर या डीजेव्हीयूचाच डिक्रिप्टर असल्याचं सोंग घेऊन फिरत होता. आधीच कुलूप लागलेल्या फायलींना तो वरून आणखी एक कुलूप लावायचा. आधीच रडकुंडीला आलेल्या माणसाला असं कुणी लुबाडावं, याची चीड अजून जात नाही.

डिक्रिप्टर चालवण्याआधी व्हायरस काढावा लागतो, नाहीतर सोडवलेली फाइल पुन्हा बंद होते. त्यासाठी विंडोजमधलाच डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरला. त्यात ऑफलाइन स्कॅन असा पर्याय आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. त्याआधी नेटची वायर काढली, पेनड्राइव्ह काढला. स्कॅन झाल्यावर टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाची नोंद उरली होती. ती व्हायरसला दर पाच मिनिटांनी उठवते. मुलाने ती काढली, होस्ट्स फाइल साफ केली. हा व्हायरस सोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही आणतो, म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. एवढं करून व्हायरस गेला, फायली मात्र तशाच बंद. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि त्या संध्याकाळी मी फार खचले होते.

आता खुद्द डिक्रिप्टर. फोल्डर दाखवा, ‘डिक्रिप्ट’ दाबा, एवढंच काम. मला ज्या गोष्टीमुळे त्याच्याबद्दल आदर वाटला ती म्हणजे तो थापा मारत नाही. प्रत्येक फाइलपुढे तो स्पष्ट लिहितो. माझ्या फोटोंपुढे आलं की हा ऑफलाइन आयडी (म्हणजे ओळख क्रमांक) आहे, किल्ली अजून नाही, पुढेमागे शक्य होईल. पेनड्राइव्हवरच्या रेकॉर्डिंगपुढे आलं की हा ऑनलाइन आयडी, उघडणं अशक्य.

कारण असं आहे. व्हायरसचा त्याच्या सर्व्हरशी संपर्क झाला तर तो तुमच्यापुरती वेगळी किल्ली आणतो, आणि ती त्या चोरांशिवाय कुणाकडे नसते. नेट नसेल तर तो स्वतःतच भरलेली एक ठरावीक किल्ली वापरतो, म्हणजे व्हायरसच्या त्या प्रकाराच्या सगळ्या ऑफलाइन बळींना तीच. अशी किल्ली कधीतरी हाती लागली की एम्सिसॉफ्ट ती आपल्या सर्व्हरवर ठेवतं. ओळख क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं इंग्रजी ‘टी’ आणि ‘१’ असतील तर तो ऑफलाइन. दुपारी पावसाने नेट गेलं म्हणून फोटोंच्या क्रमांकाला टी१ लागलं. ऑगस्ट २०१९ नंतरच्या सगळ्या प्रकारांना हाच नियम लागू आहे. त्याआधीच्या जुन्या प्रकारांत मात्र एकाच फाइलची चांगली आणि बंद अशी जोडी दिली की काम भागतं.

मी सगळ्या बंद फायली एका नव्या डिस्कवर कॉपी केल्या आणि दर रविवारी डिक्रिप्टर चालवू लागले. दिवाळी झाली आणि त्यानंतरच्या एका रविवारी यादी भराभर सरकायला लागली. सव्वा तासात ३,४०० फोटो. पणजोबांचा पगडीतला फोटो उघडला तेव्हा मी मुलाला ओट्यावरून हाक मारून बोलावलं, मला पुढे बोलता येईना.

तक्रारी आहेत. किल्ली आली की ते कळवत नाहीत, आपणच चालवून बघायचं. सूचना सगळ्या इंग्रजीत. सोडवलेल्या फाइलसोबत बंद फाइलही तशीच ठेवली जाते, ही खबरदारी योग्यच आहे, पण माझी डिस्क मध्येच भरली आणि पुन्हा सुरुवात करावी लागली. दुप्पट जागा ठेवूनच बसा.

रेकॉर्डिंगचं सांगायचं राहिलं. डीजेव्हीयू घाईत असतो, प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे सुमारे १५० केबीच तो बंद करतो. एमपी३ ची फाइल छोट्या छोट्या तुकड्यांची असते, त्यामुळे पुढचा आवाज शाबूत राहतो. डिस्कट्यूना यांचं ‘मीडिया रिपेअर’ हे मोफत साधन खराब भाग छाटून बाकीचं वाजतं करून देतं. व्हिडिओ असेल तर त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते, एमपी३ला काही लागलं नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाजतात. प्रत्येकाची सुरुवातीची नऊ-दहा सेकंदं गेली आहेत. आत्या घसा साफ करायची, जात्याच्या खुंट्याला हात लावून “घेतलंस का गं?” असं मला विचारायची, आणि मग ओवी धरायची. ते विचारणं त्या दहा सेकंदांत होतं. पुढच्या ओव्या आहेत. बंद फायलींची ती डिस्क, क्रमांकाच्या चिठ्ठीसकट, कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे.