क्रिताचे ट्रान्सफॉर्म साधन: बदल पक्का नेमका केव्हा होतो?

जळगाव जिल्ह्यातील रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या खोक्यांवरची लेबले, लग्नपत्रिका आणि श्रावणात खानदेशातील कानबाई देवीच्या उत्सवाचे फलक अशी चित्रकामे मी संगणकावर करतो, आणि गेली काही वर्षे त्यासाठी क्रिता ही मोफत व मुक्तस्रोत चित्रकला प्रणाली वापरतो. तिच्या कुंचल्यांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला येथे केवळ ट्रान्सफॉर्म या साधनाविषयी लिहायचे आहे, कारण काढलेला भाग फिरवणे, लहानमोठा करणे किंवा वाकवणे यात माझा निम्मा दिवस जातो आणि चित्र बिघडते तेही बहुधा याच टप्प्यावर.

कंट्रोल आणि टी ही बटणे दाबली की चालू थराभोवती (चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांसारख्या थरांत काढलेले असते), किंवा निवड केलेली असल्यास तेवढ्याच भागाभोवती, चौकट उमटते. यानंतर आपण जे ओढतो, फिरवतो ते सारे तात्पुरते असते. एंटर दाबले किंवा पर्यायांच्या पट्टीतील अप्लाय निवडले, तरच तो बदल चित्रात उतरतो. एस्केप दाबले तर आकृती होती तशी मूळ जागी परत येते. या दोन टप्प्यांमधील अंतर नीट समजून घेणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते, कारण अनडूचा, म्हणजे कंट्रोल-झेडने केलेला बदल मागे घेण्याचा, अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे. चौकट उघडी असताना कंट्रोल-झेड दाबल्यास हालचाली एकेक करून मागे जातात, म्हणजे आधी फिरवणे रद्द होते आणि त्याआधीचे मोठे करणे शाबूत राहते. अप्लाय केल्यानंतर मात्र त्या साऱ्या हालचालींची मिळून एकच पायरी झालेली असते आणि एका कंट्रोल-झेडने सगळेच जाते.

नवख्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चौकट उघडी ठेवून दुसरे साधन हाती घेतले, तर क्रिता बदल सोडून देत नाही, तो लागू करते. मुळात ही सोय चांगली आहे, पण ‘मी एंटर दाबलेच नव्हते’ या समजुतीत राहणाऱ्याचा त्यामुळे घोटाळा होऊ शकतो.

पक्के करण्याची घाई का करू नये, हे मी कानबाईच्या चित्रावरून सांगतो. आमच्याकडे नारळाला डोळे, नाक आणि नथ लावून देवीचे रूप सजवतात, आणि फलकावर त्या नथीचे मोती ठसठशीत दिसले नाहीत तर घरातील वडीलधारी मंडळी लगेच बोट ठेवतात. पूर्वी मी दुसऱ्याच एका प्रणालीत काम करत असताना ती नथ आधी लहान केली, पक्की केली, मग थोडी फिरवली, पक्की केली, मग पुन्हा मोठी केली. शेवटी मोत्यांच्या कडा धुरकट झाल्या आणि बारीक तार जागोजागी तुटल्यासारखी दिसू लागली. दर वेळी बदल पक्का करताना पिक्सेलांचे, म्हणजे चित्राच्या बारीक रंगठिपक्यांचे, रंग शेजारच्या पिक्सेलांवरून नव्याने मोजले जातात. म्हणूनच १५ अंश उजवीकडे फिरवून पक्के केले आणि पुन्हा १५ अंश डावीकडे आणले, तरी मूळ रेषा जशीच्या तशी मिळत नाही. ती मिळते फक्त अनडूने.

क्रिताने या अडचणीवर दोन उपाय दिले आहेत आणि माझ्या लेखी हीच तिची खरी जमेची बाजू आहे. पहिला उपाय असा, की बदल लागू केल्यावर लगेच त्याच भागावर पुन्हा ट्रान्सफॉर्म सुरू केला, तर आधीची चौकट तिच्या तिरकेपणासह परत येते आणि काम तेथून पुढे चालू करता येते. दुसरा उपाय ट्रान्सफॉर्म मास्कचा, म्हणजे मूळ थराला न बदलता त्यावरचे बदल वेगळे साठवणाऱ्या आवरणाचा. थराला हा मास्क जोडला की फिरवणे, पर्स्पेक्टिव्ह (दूर-जवळचा भास देणे), वॉर्प आणि केज (बिंदू ओढून आकार वाकवणे), लिक्विफाय (कुंचल्याने आकार वाकवणे) हे सगळे मास्कवर नोंदले जाते आणि खालचे पिक्सेल अस्पर्श राहतात. मास्क लपवला की मूळ चित्र समोर, दाखवला की बदललेले. खरोखर पक्के करायचे तेव्हाच थर सपाट करावा, म्हणजे मास्कचा बदल थरातच मिसळून टाकावा. नथीसाठी मी आता याखेरीज दुसरी पद्धत वापरत नाही. एक मात्र मान्य केले पाहिजे: प्रत्येक फेरबदलानंतर परिणाम पुन्हा मोजावा लागत असल्याने, मोठ्या फलकावर असे अनेक मास्क एकावर एक ठेवले तर जुन्या संगणकाला ते जड जाते.

लिक्विफायविषयी स्वतंत्रपणे लिहिलेच पाहिजे. केळीच्या फणीतील प्रत्येक केळाचा बाक निराळा असतो आणि तो साधण्यासाठी मी हेच वापरतो. त्यात सरकवणे, फुगवणे, पिळणे यांच्याबरोबर अनडू नावाचा एक वेगळा कुंचलाही आहे. तो जेथे फिरवाल तेथलेच वाकवणे मागे घेतले जाते. पाच केळांपैकी चार जमली आणि एकच बिघडले, तर कंट्रोल-झेडने जमलेलीही काही जातील, या कुंचल्याने फक्त ते एक केळ पूर्ववत होते. मागे जाण्याची ही क्रमावर नव्हे, तर जागेवर आधारलेली सोय मला फार मोलाची वाटते.

अनडूच्या किती पायऱ्या लक्षात ठेवायच्या हे सेटिंगमध्ये ठरवता येते आणि तेथे ० लिहिल्यास मर्यादा उरत नाही, अर्थात त्या प्रमाणात मेमरी खर्च होते. परंतु फाईल बंद केली की तो सगळा इतिहास पुसला जातो. क्रिताच्या स्वतःच्या फाईल प्रकारात थर आणि मास्क जतन होतात, अनडूच्या पायऱ्या होत नाहीत. उन्हाळ्यात वीज केव्हाही जाणाऱ्या आमच्यासारख्या गावात, ज्या बदलाबद्दल मन साशंक आहे तो अनडूच्या भरवशावर न सोडता मास्कमध्ये ठेवून फाईल जतन करावी, असे माझे शेजारच्या चित्रकारांना सांगणे असते.