मोठं चर्च की कोपऱ्यावरचं? बॉस्टनला येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी

नगर-पुण्याकडची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) मुलं-माणसं नोकरीला किंवा शिकायला बॉस्टनकडे आली की घर, शाळा आणि किराणा यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो: रविवारी जायचं कुठे? एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चला जायचं, इथवर बहुतेकांचं ठरलेलं असतं. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्येच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या चर्चच्या जागतिक कुटुंबातच, असल्यामुळे उपासनेचा सांगाडा ओळखीचा असतो आणि बाप्तिस्म्याचा दाखला कुणी शंकेने पाहत नाही. अडतं ते पुढे. शहराच्या मध्यावरचं दगडी, ऑर्गनवालं मोठं चर्च, की राहत्या गावातली, रविवारी जेमतेम चाळीसएक माणसं जमणारी छोटी पॅरिश (स्थानिक मंडळी)? दोन्हीकडे मी पुरेसा काळ काढला आहे. सध्या छोटीत आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करून घ्याल.

वंशावळ बघितली तर खरं म्हणजे दोन्ही माझी नव्हेत. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं. 1813 साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे बॉस्टनच्याच अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे, म्हणजे काँग्रिगेशनल: बिशप नसलेले, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहणारी. त्या हिशेबाने मी इथल्या कुठल्याही पांढऱ्या मनोऱ्याच्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये जायला हवं. पण 1970 मध्ये नागपुरात सीएनआय झालं आणि आम्हाला बिशप मिळाले. माझ्या पिढीला त्यांची सवय लागली. पुण्याच्या पंचहौदच्या मंडळींचं नातं तर आणखी थेट आहे. एकेकाळी पंचहौद मिशन चालवणाऱ्या काउली फादर्स या अँग्लिकन संन्याशांच्या संघाचा मठ इथे केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीच्या काठावर आहे. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी तिथल्या प्रार्थनेला जाऊन बसा. तुलनेत तो धरत नाही, कारण मठाचे सभासद होता येत नाही, निदान बायको-मुलं असताना.

दोन्हीकडे सारखं आहे त्याबद्दल फार लिहीत नाही. 1979 चं प्रार्थनापुस्तक तेच, तीन वर्षांच्या चक्राने येणारे शास्त्रपाठ तेच, दर रविवारी प्रभुभोजन. आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, त्यामुळे सुरुवातीला मला हे जरा सढळ वाटलं. खरा द्राक्षारस आणि सगळ्यांना एकच पेला, याची तयारी ठेवा. नको असेल तर नुसती भाकर घेतली तरी चालतं.

संगीतात मोठं चर्च सरळ जिंकतं. पगारी गायक, तयार ऑर्गनिस्ट, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) अशा रचना की अंगावर काटा यावा. बॉस्टनला ऑर्गनबांधणीची परंपराच आहे, आणि पैसा असलेल्या चर्चमध्ये ती ऐकू येते. छोट्या पॅरिशच्या गायनमंडळात आठ जण, त्यात टेनर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या सुरात गाणारा, एकच. तो सर्दीने आजारी पडला की ते स्तोत्र टेनरशिवाय होतं. पण एक फरक हळूहळू लक्षात आला. मोठ्या चर्चमध्ये मी गायचं सोडून ऐकायला लागलो होतो. पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं गळा काढून म्हणत वाढलेल्या माणसाला हे फार दिवस झेपत नाही. छोटीत आपण गायलो नाही तर ते कळतं. तरीही कोरल इव्हनसाँगसाठी (गायनमंडळ गाते त्या सायंप्रार्थनेसाठी) मी अजून मोठ्या चर्चला जातो आणि त्याबद्दल मला काडीचाही संकोच नाही.

उपासनेनंतरच्या कॉफीचं म्हणाल तर दोन्हीकडची कॉफी वाईट. मोठ्या चर्चमध्ये ती उंच छताच्या हॉलमध्ये मिळते आणि लोक आपापल्या ओळखीच्या गोलात उभे असतात. त्या गोलात शिरायला एक कसब लागतं, ते माझ्याकडे नाही. छोटीत तळघरातल्या हॉलमध्ये चार टेबलं. खाऊ कुणी आणायचा याचा कागद दाराशी लटकलेला असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच तो पेनासकट तुमच्यासमोर येतो. माझी बायको सदाशिव पेठेतली, हिंदू. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, ओढवलं होतं. त्या गल्ल्यांतली मुलगी आता एपिस्कोपल तळघरातल्या कॉफीचा कागद सांभाळते, यावर आमच्या घरी अधूनमधून विनोद होतात.

असं मिश्र घर असेल त्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. एपिस्कोपल चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. काही पॅरिश मात्र उघडपणे सगळ्यांनाच बोलावतात. आपलं चर्च काय करतं ते रविवारच्या पत्रकात छापलेलं असतं. घ्यायचं नसेल तर छातीवर हात दुमडून पुढे जायचं, पाळक आशीर्वाद देतात. बायको दोन्हीकडे तसंच करायची. मोठ्या चर्चमध्ये ते नियमानुसार आणि व्यवस्थित होई. छोटीत पाळकबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून तिचं नाव घेतात. उच्चार चुकतो, पण नाव घेतात.

सर्वसमावेशकतेचा विषय आपल्याकडे निघाला की खुर्च्या सरकायला लागतात, म्हणून स्पष्टच लिहितो. कागदावर दोन्ही चर्च सारखीच आहेत. अख्ख्या अँग्लिकन कम्युनियनमधल्या पहिल्या स्त्री बिशप बार्बरा हॅरिस यांचा अभिषेक 1989 मध्ये याच बॉस्टनमध्ये झाला. 2003 मध्ये शेजारच्या न्यू हॅम्पशायरने जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या पाळकांना बिशप म्हणून निवडलं आणि जगभर वादळ उठलं. 2015 पासून विवाहविधी समलिंगी जोडप्यांसाठीही खुला आहे. हे पटत नसेल तर एपिस्कोपल चर्च, लहान असो की मोठं, तुमच्यासाठी नाही. भारतीय फेलोशिप पुष्कळ आहेत, तिथे जावं, त्यात काही गैर नाही. फरक रोजच्या व्यवहारात पडतो. मोठ्या चर्चमध्ये मी ही भूमिका व्यासपीठावरून ऐकली. छोटीत आमच्या सीनियर वॉर्डनबाई (मंडळीच्या मुख्य कारभारी) आणि त्यांची पत्नी आमच्याच बाकावर बसतात. नगरहून आई आली होती, तेव्हा तिने घरी परतताना त्यांचं नातं विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसली. हीटर तिथेच आहे, हेही खरं.

आता माझ्या बाबतीत निकाल लावणारी गोष्ट. वाचायला ती क्षुल्लक वाटेल.

प्रार्थनापुस्तकात मंडळीच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेचे सहा नमुने आहेत. त्यातल्या काहींमध्ये लोकांनी स्वतःच्या विनंत्या जोडाव्यात अशी सोयच केलेली आहे. मोठ्या चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं छापील यादीतून वाचतात. यादीत नाव घालायचं तर फॉर्म भरायचा, आणि तो गुरुवारी दुपारपर्यंत पोचला पाहिजे, कारण पत्रक छपाईला जातं. नियम म्हणून यात काहीच चूक नाही. शेकडो माणसं असली की कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण आपली माणसं आहेत तिकडे, साडेनऊ-साडेदहा तास पुढे. तिकडच्या बातम्या गुरुवार पाळत नाहीत. शनिवारी रात्री जेवणं झाली की तिकडे रविवारची सकाळ होते, आणि फोन नेमका तेव्हा येतो. आत्याला दवाखान्यात हलवलं, हे मला असंच शनिवारी रात्री कळलं. सकाळी चर्चमध्ये गेलो, दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी फार आपुलकीने फॉर्मची माहिती दिली. नाव पुढच्या रविवारी वाचलं गेलं, स्पेलिंग अचूक. तोवर आत्या घरी येऊन भाजी निवडायला बसली होती. त्या मधल्या रविवारी यादीत कुणाकुणाची नावं ऐकत मी बसलो होतो आणि तोंड उघडायला जागाच नव्हती. सुरात चाललेल्या त्या शांत, सुंदर उपासनेत मध्येच आवाज काढणं म्हणजे मैफलीत खोकण्यासारखं झालं असतं.

आमच्याकडे नगरला पाळकसाहेब विचारायचे, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? मागून कुणीतरी उठून सांगायचं, कधी फारच लांबण लावून सांगायचं. लहानपणी मला त्याचा वैताग यायचा.

छोट्या पॅरिशमध्ये त्या जागी थांबतात. चांगलंच थांबतात, नवख्याला अस्वस्थ वाटेल इतकं. मग एकेक आवाज येतो: नवऱ्याची शस्त्रक्रिया, कुणाची गेलेली नोकरी, शेजाऱ्याचं कुत्रं. कुत्र्यासाठीही प्रार्थना होते. तिथे मी पहिल्यांदा नाव घेतलं ते मामाचं. पुढच्या रविवारी कॉफीच्या रांगेत तीन वेगवेगळ्या माणसांनी मामाची विचारपूस केली आणि तिघांनी त्याच्या नावाचे तीन वेगळे उच्चार केले. मोजमाप म्हणून याला काही अर्थ नाही, मला कळतं. दुसऱ्या कुणाला हीच गोष्ट नकोशी वाटेल. घरची दुखणी चारचौघांत सांगायची नसतील तर छापील यादी सभ्य आणि सुरक्षित आहे. माझा मात्र निर्णय तिथे झाला.

छोटीचा जाच कमी नाही, तोही सांगायला हवा. आज एपिस्कोपल चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशमध्ये रविवारची हजेरी पन्नासच्या आत असते. म्हणजे कामं तेवढीच आणि हात थोडे. दारात पाऊल टाकलं की काही महिन्यांत तुम्ही कुठल्यातरी समितीवर असता. वार्षिक सभेत व्हेस्ट्री, म्हणजे मंडळीची कारभारी समिती, निवडतात, आणि उमेदवार जागांपेक्षा क्वचितच जास्त असतात. माझ्या वाट्याला इमारत आली. छप्पर, गटारं, बॉयलर. फेब्रुवारीत बॉयलर बंद पडला की ती बातमी बिशपच्या आधी मला कळते. आपल्याकडे बिशप पाळकांची बदली करतात आणि मंडळी कुरकुर करत स्वीकारते. इथे बिशपच्या संमतीने व्हेस्ट्रीच पाळकाला बोलावते आणि पगारही मंडळीच्या अर्पणातूनच निघतो. छोट्या पॅरिशला अनेकदा पूर्णवेळ पाळक परवडत नाही. आमच्या पाळकबाई अर्धवेळ आहेत. मंगळवारी काही घडलं तर त्या दुसऱ्या नोकरीवर असतात. मोठ्या चर्चमध्ये कुणी ना कुणी पाळक फोनवर मिळतोच, आणि दवाखान्यात भेटायलाही येतो. घरात आजारी म्हातारं माणूस असेल तर हे वजन हलकं धरू नका.

मुलांचंही तसंच. मोठ्या चर्चमध्ये वयाप्रमाणे वर्ग, किशोरांचा गट, उन्हाळी शिबिरं. आमच्या संडे स्कूलमध्ये चार मुलं, त्यातली दोन माझी. ती कंटाळतात आणि तसं बोलून दाखवतात. पण धाकटीला वेदीजवळ मेणबत्ती धरायला लवकर मिळालं, कारण दुसरं कुणी नव्हतंच. तेरा-चौदा वर्षांची मुलं घेऊन येत असाल तर मी तुम्हाला मोठ्या चर्चचीच वाट दाखवेन, थोड्या नाराजीने. त्या वयात त्यांना आपल्यापेक्षा बरोबरीची पोरं लागतात.

एकटे असाल, नवीन असाल, किंवा जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर छोटीत आधी जाऊन बघा, असं सुचवेन. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नको. तेव्हा गायनमंडळ सुट्टीवर असतं, निम्मी माणसं समुद्रकिनाऱ्यावर असतात, आणि बंद पडायला आलेल्या जागेत आल्यासारखं वाटतं. सप्टेंबरच्या शेवटी जा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सेंट फ्रान्सिसच्या सणाला जनावरांना आशीर्वाद देतात, तो रविवार मिळाला तर उत्तमच. पॅरिशचा स्वभाव त्या गोंधळात चांगला कळतो. आणि नाव नोंदवायच्या आधी एका वार्षिक सभेला मागच्या खुर्चीवर बसा, बहुतेक ठिकाणी ती जानेवारीत असते. हिशेबाची पानं सगळ्यांना वाटतात. शिल्लक किती महिने पुरेल ते पाहा, पाळकांचा करार कधी संपतो ते विचारा, आणि बॉयलर किती जुना आहे तेही.