एक दिवस, पायी: बऱ्हाणपूर की अमळनेर?

सुट्टीत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आमच्या घरी हा प्रश्न ठरलेला. एकच दिवस हातात आहे, जुनं गाव पायी हिंडून बघायचंय, सोबत नीट सांगणारं कुणी हवं. तर जायचं कुठे? जळगावहून रेल्वेने थेट जाता येतं अशी दोनच गावं मी सुचवते. दोन्हीकडे पाहुण्यांना घेऊन बऱ्याचदा हिंडले आहे.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं, तरी जुन्या खानदेशची राजधानी तीच. फारुकी सुलतानांनी १४००च्या सुमारास हे शहर वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. १६०१ मध्ये जवळचा त्यांचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचं राज्य संपलं. इथे गाईड घ्याच, असं मी ठासून सांगते. जामा मशिदीतच बघा. कमानींच्या रांगेतून चालत माणूस सहज बाहेर पडतो आणि जे बघायला यायचं तेच राहून जातं. आत भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच मशिदीत देवनागरीत कोरलेला संस्कृत लेखही आहे. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमन करून, पुढे फारुकी राजांची वंशावळ, आणि काळ दिलाय शके १५११. आपल्या पंचांगातला शक मशिदीच्या दगडावर वाचताना माझ्या सासऱ्यांनी चष्मा दोनदा पुसला होता. बोट दाखवणारं कुणी नसतं, तर आम्ही तिथून तसेच पुढे गेलो असतो.

शाही किल्ल्यातला हमाम, म्हणजे स्नानगृहही, असंच. बाहेरून पडकी वास्तू, आत मान वर केली की छतावर रंगवलेली वेलबुट्टी. याच शहरात १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात गेली. तापीपलीकडच्या आहूखान्यात, म्हणजे हरणं पाळलेल्या बागेत, तिला आधी पुरलं आणि मग आग्र्याला नेलं.

एक तक्रार मात्र आहे. आम्हाला एकदा भेटलेला गाईड लेखाजवळ दोन मिनिटंही थांबला नाही, भुयारांच्या आणि गुप्त खजिन्याच्या गोष्टी मात्र तासभर रंगवल्या. म्हणून आधीच सांगून ठेवा: मशिदीतला संस्कृत लेख आणि हमाम निवांत बघायचाय, पैसे किती ते आत्ताच ठरवू. बोलणं हिंदीत होतं, पण गल्लीबोळात मराठी सर्रास ऐकू येते, मागे पॉवरलूमची खडखड चालूच. परतताना मावा जिलेबी घ्या.

अमळनेरचं सगळं वेगळं. इथे पैसे देऊन गाईड घेण्यापेक्षा गावातले एखादे निवृत्त गुरुजी किंवा ओळखीचं घर शोधा. बघायला भव्य असं काही नाही. बोरी नदीकाठची संत सखाराम महाराजांची वाडी, नदीपात्रातली त्यांची समाधी, जुन्या गावाचा दगडी दरवाजा, आणि प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था. साने गुरुजी आधी या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि मग १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हाताने दैनिक लिहून काढत. ही हकीकत वसतिगृहाच्या जागेजवळ उभं राहून ऐकली, तेव्हा माझा सातवीतला भाचा बराच वेळ गप्प होता. विप्रोचा जन्मही याच गावातला: १९४५, वनस्पती तुपाचा कारखाना. शेअर सांभाळून ठेवलेल्या घरांच्या गोष्टी ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं आपणहून सांगतात. एका आजींनी आम्हाला रेंगाळताना पाहून विचारलं, “कोनाकडे जानं शे, भाऊ?” आणि पाणी दिल्याशिवाय पुढे सोडलं नाही.

तर ठरवायचं कसं? पाहुणा पहिल्यांदाच खानदेशात येतोय आणि त्याला इतिहासाची आवड आहे, तर मी डोळे झाकून बऱ्हाणपूर म्हणेन. सोबत शाळकरी मुलं असतील, किंवा वडीलधाऱ्यांना फार चालवत नसेल, तर अमळनेर. तिथे अर्ध्या दिवसात सगळं होतं आणि दुपारी भरीत-भाकरी खाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. वैशाखात रथ आणि पालखी असते तेव्हा अमळनेर बघण्यासारखं असतंच, पण तेव्हा निवांत हिंडणं विसरा. एरवी उन्हाळ्यात दोन्ही टाळा. मार्च सरला की सकाळी दहानंतर दगडावर पाय टेकवत नाही आणि मशिदीत चपला बाहेर काढाव्या लागतात.

बऱ्हाणपूर ठरलं, तर कुंडी भंडाऱ्यासाठी वेगळी रिक्षा आणि दोन तास धरा. ते शहराबाहेर आहे, चालत जाण्यासारखं नाही. मुघल सरदार रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून आणि कुंड्यांच्या रांगेतून नुसत्या उतारावर शहरात आणलं. खाली भिंतींवर चुन्याचा पांढरा थर चढलाय आणि पायाशी पाणी अजून वाहतं. उतरायला लिफ्ट आहे; ती चालू आहे ना, एवढं गाईडला आदल्या दिवशीच फोन करून विचारून घ्या.