मुलांच्या वर्गात पुण्याची १८७४ सालची हग्गादा

मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेचा ज्यू सण म्हणजे पेसाख. त्याच्या आधी सिनेगॉगमधल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळातल्या, मुलांचा वर्ग मी घेते. रंगवायची पुस्तकं, स्टिकरवाली हग्गादा (पेसाखच्या रात्री वाचायचं पुस्तक), मोबाईलवरचे खेळ, बरंच काही वापरून झालं. या वर्षी मी १८७४ साली पुण्यात छापलेल्या बेने इस्राएल, म्हणजे आमच्या मराठी ज्यू समाजाच्या, हग्गादाचं पुनर्मुद्रण नेलं, न्यूयॉर्कच्या हर्मोन प्रेसनं १९६८ मध्ये काढलेलं. मुलांसाठी म्हणून कुणी ते छापलेलं नाही. तरीही सेदर, म्हणजे पेसाखच्या रात्रीचा जेवणाचा विधी, शिकवायला याच्याइतकं उपयोगी पुस्तक मला दुसरं मिळालेलं नाही.

आत हिब्रूसोबत मराठी आहे, पण मजकुराकडे मी मुलांना लगेच नेलं नाही. मत्सा, म्हणजे पेसाखची बिनखमिराची रोटी, करण्याच्या चित्रांचं पान उघडलं आणि मध्ये ठेवलं. युरोपातल्या हग्गादांमध्ये असे प्रसंग छापायची पद्धत होती, आणि १६९५ च्या ॲमस्टरडॅमच्या हग्गादातली चित्रं तर छापखानेवाले पुढं कितीतरी वर्षं गिरवत राहिले. पुण्याच्या हग्गादात मात्र मत्सा करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. पीठ, लाटणं, भाजणं सगळं त्यांच्याच हातून चाललंय.

मुली पानावर अक्षरशः ओणव्या झाल्या. ‘ही माझ्या आजीसारखीच बसलीये,’ एक म्हणाली. मग ओट्यापाशी उभं राहून का नाही, पीठ मळून ठेवायचं का नाही, असं सुरू झालं. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत मत्सा भाजून व्हायला हवी, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी ते विसरलं जातं. या वेळी घड्याळ लावून आम्ही खरंच पीठ मळलं, लाटलं, भाजलं. आता तो नियम त्यांना सांगावा लागत नाही.

वर्गात सहसा तोंड न उघडणारा एक मुलगा आहे. तो बराच वेळ चित्र बघत होता. मग म्हणाला, ‘मावशी, मिसरातून निघालेल्या लोकांत या बायका होत्या का?’

हग्गादाच म्हणते की प्रत्येक पिढीत माणसानं आपण स्वतः मिसरातून बाहेर पडलो असं समजावं. हे वाक्य मी इतकी वर्षं पाठ करून घेत आले. त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ते वाचलं, तेव्हा सगळ्या वर्गानं ऐकलं. हग्गादातल्या चार मुलांच्या भागात चौथा असतो, ज्याला प्रश्न विचारता येत नाही. त्याच्यासाठी बोलायला सुरुवात तूच कर, असं तिथं सांगितलंय. अशा मुलासाठी ‘मा निश्ताना’ (सेदरला मुलांनी विचारायचे ठरलेले प्रश्न) तोंडपाठ करून घेणं पुरत नाही. त्याच्यापुढं काहीतरी ठेवावं लागतं. मला वाटतं, आपल्या शिक्षणात कल्पकतेचं खरं काम हेच. तिला वर्ग संपताना उरलेल्या वेळातली चित्रकला समजणं मला मान्य नाही. आपल्याच बेने इस्राएल मंडळींनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या योसेफ आणि मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, तीही याच गरजेतून.

उणिवा आहेत. मराठी दीडशे वर्षांपूर्वीची, त्यामुळं मुलं अडखळतात. मोठ्या माणसानं शेजारी बसून सोपं करून सांगावं लागतं. चित्रांना रंग नाहीत. अगदी लहानग्यांसाठी सेदरच्या रात्री हे एकटं पुस्तक चालणार नाही, त्यांना सोपी हग्गादा द्याच.

वर्गात वापरायचं असेल तर चित्रांच्या पानाच्या झेरॉक्स काढा आणि शेजारी कोऱ्या चौकटी द्या. आमच्याकडे एकीनं आईला मिक्सरपाशी, बाबांना हरोसेतचा (सेदरच्या गोड चटणीचा) खजूर निवडताना काढलं. बाबा का, यावर पुन्हा चर्चा! प्रत शोधावी लागते, बहुधा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे. घरोघरी नको, सिनेगॉगच्या कपाटात एक असली तरी भागतं. फक्त पेसाखच्या महिनाभर आधी ती मुलांच्या हातात पडू द्या.